फवारणीचा ड्रोन घेताय? पैसे द्यायच्या आधी टाईप सर्टिफिकेटपासून यूआयएनपर्यंत सगळं समजून घ्या

ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवर पंप घेऊन आत शिरायला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तरी पानांनी अंग कापून घेत अर्धं रान होईपर्यंत तो दमलेला असतो. २००२ साली लोकरी मावा ही उसावरची कीड आपल्या सांगली जिल्ह्यात पसरली तेव्हा हाच प्रश्न होता, औषध आहे पण उंच उसात मारायचं कसं. त्यामुळं आता वाळवा, पलूस, मिरज आणि तिकडं कराड तालुक्यात पोरं फवारणीचा ड्रोन घेऊन धंदा करायचं म्हणतायत ते चांगलंच आहे, मनापासून वाटतं की करावं. फक्त चौकशीला आलेला प्रत्येक जण विचारतो काय, तर टाकी किती लिटरची, बॅटरी किती मिनिटं चालते, कितीला बसतो. कागदाचं कुणीच विचारत नाही. आणि कागद चुकला तर सहा-सात लाखांचं मशीन कायद्यानं उडवताच येत नाही, शेडमध्ये पडून राहतं.

म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. लांब आहे, पण पैसे द्यायच्या आधी एकदा सगळं वाचाच.

ड्रोन हे कायद्याने विमानच आहे

हे डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं आपोआप समजतं. फवारणीचा ड्रोन म्हणजे मानवरहित विमान, आणि प्रवासी विमानांवर देखरेख ठेवणारी डीजीसीए हीच त्याच्यावरही देखरेख ठेवते. नियम आहेत ड्रोन रूल्स २०२१ चे, २५ ऑगस्ट २०२१ ला आले, त्यात पुढं २०२२ आणि २०२३ मध्ये दुरुस्त्या झाल्या. वरचा मूळ कायदा आधी १९३४ चा एअरक्राफ्ट अ‍ॅक्ट होता, १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला.

मोठ्या विमानाचं कसं असतं ते थोडक्यात सांगतो, कारण ड्रोनमध्ये नेमकं काय नाही ते त्यावरून कळतं. मोठ्या विमानात आधी डिझाईनला टाईप सर्टिफिकेट मिळतं, मग त्या एका विमानाची नोंदणी होऊन व्हीटी ने सुरू होणारा नंबर मिळतो, मग त्याच विमानाला उडण्यायोग्य असल्याचं सर्टिफिकेट ऑफ एअरवर्दीनेस, त्याचा दरवर्षी रिव्ह्यू, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर लायसन्सवाला मेंटेनन्स इंजिनिअर सही करतो तेव्हाच विमान परत हवेत जातं. म्हणजे एका विमानामागं सतत कुणीतरी तपासणारा उभा असतो.

ड्रोनला मार्च २०२१ च्या नियमांत असलीच कागदांची मोठी रांग होती, उत्पादन आणि एअरवर्दीनेसचं सर्टिफिकेट, मेंटेनन्सचं सर्टिफिकेट, कन्फॉर्मन्सचं सर्टिफिकेट. ऑगस्टच्या नव्या नियमांत ते सगळं काढून टाकलं. लोकांना वाटलं सुटलो, पण त्याचा खरा अर्थ असा की तुमचा ड्रोन उडायच्या लायकीचा आहे का हे विकत घेतल्यानंतर कुणीही तपासायला येणार नाही. टाईप सर्टिफिकेट हा एकच तांत्रिक कागद उरला, बाकी सगळी जबाबदारी मालकावर आणि पायलटवर.

पहिलं काम, वजनाचा वर्ग बघा

इथं वजन म्हणजे टाकी भरून, बॅटरी लावून उडताना असतं ते एकूण वजन. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो, २ ते २५ किलो स्मॉल, २५ ते १५० किलो मीडियम, त्याच्यावर लार्ज. बाजारातले दहा लिटर टाकीवाले बहुतेक ड्रोन भरलेले असताना २५ किलोच्या जरा आत बसवलेले असतात, आणि ते मुद्दामच, कारण २५ च्या वर गेलं की वर्ग बदलतो आणि पायलटचं सर्टिफिकेट पण त्या वर्गाचं लागतं. त्यामुळं कुणी सोळा लिटरचा दाखवला तर आधी विचारा एकूण वजन किती, आणि तोंडी नको, टाईप सर्टिफिकेटवर काय लिहिलंय ते दाखवा म्हणा.

टाईप सर्टिफिकेट, सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा

टाईप सर्टिफिकेट हे मॉडेलला मिळतं, तुमच्या नगाला नाही आणि कंपनीला तर अजिबात नाही. ट्रॅक्टरचं मॉडेल आधी पास होतं आणि मग तुमच्या ट्रॅक्टरचं आरसी बुक निघतं, तसंच इथं आधी टाईप सर्टिफिकेट आणि मग तुमच्या ड्रोनचा यूआयएन, म्हणजे त्या एका नगाचा नोंदणी नंबर. कंपनी अर्ज करते फॉर्म डी-१ मध्ये, ड्रोनचा नमुना अधिकृत टेस्टिंग संस्थेकडं जातो, तिथं जानेवारी २०२२ च्या सर्टिफिकेशन स्कीमप्रमाणं तपासणी होते, संस्थेनं ६० दिवसांत शिफारस द्यायची आणि त्यानंतर १५ दिवसांत डीजीसीएनं सर्टिफिकेट द्यायचं असं नियमात आहे. देशातलं पहिलं टाईप सर्टिफिकेट जून २०२२ मध्ये मिळालं आणि ते फवारणीच्याच ड्रोनला, गुरुग्रामच्या आयोटेकवर्ल्डच्या अ‍ॅग्रीबॉटला.

आता विक्रेते काय काय बोलतात ते ऐका. "आमची कंपनी डीजीसीए अप्रूव्हड आहे." कंपनी असेलही, त्यांच्या एका मॉडेलला सर्टिफिकेट असेल आणि तुम्हाला विकतायत ते दुसरंच मॉडेल असेल. "अर्ज केलाय, पुढच्या महिन्यात येतंय." तर मग पुढच्या महिन्यात घेऊ म्हणा, अ‍ॅडव्हान्स पण देऊ नका. "शेतीला लागत नाही." साफ खोटं. टाईप सर्टिफिकेटमधून सूट नॅनोला आहे, छंदाच्या मॉडेल विमानाला आहे आणि संशोधनासाठी आहे, फवारणीचा धंदा यातल्या कशातच बसत नाही.

करायचं असं. सर्टिफिकेटची प्रत मागा, त्यावरचा नंबर, मॉडेलचं पूर्ण नाव अगदी शेवटच्या अक्षरासकट, वजन आणि वर्ग वहीत लिहून घ्या. मग डीजीसीएच्या साईटवर टाईप सर्टिफिकेट मिळालेल्या मॉडेलची यादी असते, तिच्यात तेच नाव तसंच्या तसं आहे का बघा. शेवटचं एक अक्षर किंवा आकडा वेगळा असला तरी ते वेगळं मॉडेल धरा आणि कंपनीकडून ई-मेलवर लेखी खुलासा घ्या. मग ज्या ड्रोनचा डेमो दिला त्याच्यावरची प्लेट बघा, तिच्यावरचं मॉडेल जुळतंय का.

स्वस्तात मिळतोय म्हणून बाहेरून आलेला तयार ड्रोन घ्यायचा विचार असेल तर तो सोडूनच द्या. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन आणि जोडायचे किट दोन्हीची आयात बंद आहे, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेच्या कामाला तेवढी सूट. सुटे पार्ट आणता येतात, म्हणून काही जण पार्ट आणून इथं जोडून देतात, दिसायला एकदम कंपनीसारखा. पण टाईप सर्टिफिकेट नसेल तर यूआयएन निघत नाही, आणि यूआयएन नसलेला ड्रोन उडवणंच बेकायदेशीर आहे.

आणि घेतल्यानंतर त्याच्यात फेरफार करू नका. आपल्याकडं हात चालणारी माणसं खूप, मोठी टाकी बसव, नोझल वाढव, लांब पंखे लाव, कुठल्या तरी दुसऱ्या कंपनीचा कंट्रोलर टाक, असं लगेच सुरू होतं. टेस्टिंग झालं ते ठराविक मोटर, ठराविक पंखे, ठराविक बॅटरी आणि ठराविक वजनावर झालं. त्यातलं काही बदललं की जे मशीन पास झालं ते हे राहिलंच नाही, मग अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाला पहिला हाच मुद्दा काढेल.

अनुदान घ्यायचं असेल तर बिल फाडायच्या आधी

हे मुद्दाम मध्येच सांगतोय कारण क्रम चुकला की अनुदान जातं. केंद्राच्या यांत्रिकीकरण योजनेत ड्रोनला जो दर ठरला तो असा, अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे शेतकरी यांना ५० टक्के, जास्तीत जास्त ५ लाख, बाकी शेतकऱ्यांना ४० टक्के, जास्तीत जास्त ४ लाख. अवजारं भाड्यानं देणारं सेंटर काढायचं तर एफपीओ म्हणजे शेतकरी उत्पादक संस्था, सहकारी संस्था, ग्रामीण उद्योजक यांना ४० टक्के म्हणजे ४ लाखांपर्यंत, आणि शेतीचा पदवीधर असेल तर ५० टक्के म्हणजे ५ लाखांपर्यंत. महिला बचत गटांसाठी नमो ड्रोन दीदी वेगळी, तिच्यात ८० टक्के, ८ लाखांपर्यंत. अर्ज महाडीबीटीवर करायचा, निवड झाली, पूर्वसंमती आली की मगच खरेदी करायची. आधीच बिल केलं तर नंतर कितीही फेऱ्या मारा, उपयोग नाही. त्या वर्षी निधी आहे का ते तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं आधी विचारून घ्या.

बिल आणि यूआयएन

बिलावर ड्रोनचा सिरियल नंबर लिहून घ्या, आणि फ्लाईट कंट्रोलर आणि रिमोट यांचे नंबर पण, कारण यूआयएन या तिन्हींना जोडलेला असतो. अर्ज फॉर्म डी-२ मध्ये, सरकारी फी १०० रुपये. आधी ही सगळी कामं डिजिटल स्काय पोर्टलवर व्हायची, आता नोंदणीची कामं डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर गेलीत. कंपनीनं त्यांच्या बाजूनं तुमच्या नगाचे नंबर भरलेले असावे लागतात, ते भरले नाहीत की तुमचा अर्ज पुढं सरकत नाही, म्हणून शेवटचा हप्ता यूआयएन हातात पडल्यावरच द्यायचा असं खरेदीच्या वेळीच लेखी ठरवा. खरोखर काम करणारी कंपनी याला नाही म्हणत नाही.

पुढं कधी कंट्रोलर किंवा रिमोट बिघडून बदलावा लागला तर नवा नंबर पोर्टलवर सात दिवसांच्या आत अपडेट करायचा. हे भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही.

उडवणारा माणूस

आरपीसी म्हणजे रिमोट पायलट सर्टिफिकेट. आधी याला लायसन्स म्हणायचे, फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीत लायसन्स जाऊन सर्टिफिकेट आलं. वय १८ ते ६५, दहावी पास, आणि डीजीसीएनं मान्यता दिलेल्या ट्रेनिंग संस्थेतून कोर्स पूर्ण, एवढ्याच अटी. पासपोर्ट लागायचा तो २०२३ पासून सक्तीचा नाही, सरकारी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा चालतो. सरकारी फी इथं पण १०० रुपयेच, सर्टिफिकेट १० वर्षं चालतं. खरा खर्च आहे तो कोर्सच्या फीचा, ती संस्थेगणिक वेगळी, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा.

संस्थेची मान्यता डीजीसीएच्या यादीत तपासा, आणि सर्टिफिकेट कुठल्या वर्गाचं मिळणार ते विचारा. फोटोग्राफीच्या मायक्रो ड्रोनचं सर्टिफिकेट घेऊन स्मॉल वर्गातला फवारणीचा ड्रोन चालवता येत नाही. तुम्हाला रोटरक्राफ्ट (म्हणजे फिरत्या पंख्यांवर उडणारं), स्मॉल असं पाहिजे. आणि कोर्समध्ये भरलेल्या टाकीचा ड्रोन हातात देणार का हे नक्की विचारा, कारण टाकी रिकामी असताना आणि दहा लिटर भरलेली असताना मशीन वेगळं वागतं, टाकी अर्धी झाली की आतलं पाणी हेलकावे खातं आणि वळताना ते जाणवतं. ते सिम्युलेटरवर कळत नाही.

मालकाकडं आरपीसी असलंच पाहिजे असं नाही, उडवणाऱ्याकडं पाहिजे. पण एकच पायलट ठेवला आणि तो ऐन हंगामात सोडून गेला तर मशीन उभं राहतं, म्हणून घरातल्या एकानं तरी कोर्स करावाच असं माझं मत आहे. घरातल्या मुलीनं, सुनेनं केला तर फारच छान.

कुठं उडवायचं, मॅप

डिजिटल स्कायवर सगळ्या देशाचा हवाई नकाशा आहे, हिरवा, पिवळा, लाल. हिरव्यात १२० मीटर म्हणजे ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवा फक्त ६० मीटर उंचीपर्यंत, त्याच्या वर पिवळा. पिवळ्यात एअर ट्रॅफिक कंट्रोलची परवानगी, लाल असेल तर थेट केंद्र सरकारची. फवारणी आपण पिकाच्या वर दोन-तीन मीटरवरून करतो, त्यामुळं उंचीची अडचण येत नाही, अडचण येते ती विमानतळाच्या जवळच्या रानांत.

सांगली, मिरज, तासगाव इथं चालू विमानतळ नाही, कवलापूरची जुनी धावपट्टी बंद आहे, कोल्हापूरचं उजळाईवाडी लांब आहे. कराडला मात्र विमानतळ आहे, त्यामुळं वारुंजी-मुंढे बाजूला काम घेताना मॅप बघितल्याशिवाय हो म्हणू नका. कोयना धरणासारख्या ठिकाणांच्या आसपास पण तेच. आणि नेहमी हिरव्या असलेल्या गावात सुद्धा रोज बघायचं, कारण मोठ्या नेत्याचा दौरा वगैरे असला की पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी तात्पुरता लाल झोन जाहीर करू शकतो, ९६ तासांपर्यंत. सकाळी निघायच्या आधी मोबाईलवर मॅप उघडून स्क्रीनशॉट काढून ठेवायची सवय लावा, तारखेसकट पुरावा राहतो.

इन्शुरन्स

थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा आहे, नॅनो सोडून सगळ्यांना. मशीनचा स्वतःचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि घ्याच, तारेला अडकून पडला की मोटर, पंखे, आर्म सगळंच जातं. पॉलिसीत यूआयएन बरोबर लिहिलाय का बघा, आणि औषध उडून शेजारच्या पिकाचं नुकसान झालं तर ते कव्हर आहे का हे लेखी विचारा.

शेजारची द्राक्षबाग

आपल्या जिल्ह्यात खरी धोक्याची गोष्ट ही आहे. ऊस आणि द्राक्ष बांधाला बांध लागून. उसातल्या तणाला टू-फोर-डी मारतात आणि द्राक्षवेल त्या औषधाला फार नाजूक, वाऱ्यावर थोडं जरी गेलं तरी शेंड्याची पानं आखडून पंख्यासारखी होतात, घड बिघडतात. हातपंपानं मारताना नोझल जमिनीजवळ असतं, ड्रोनचे थेंब बारीक आणि वरून सुटतात. म्हणून जवळपास बाग असेल तर ड्रोननं टू-फोर-डी मारायचंच नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणो. बागवाल्यानं वर्षभर लाखांनी खर्च केलेला असतो, त्याचं पीक गेलं तर कुठलाच कागद त्याला भरून देत नाही.

केंद्राच्या कृषी खात्यानं डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोन फवारणीची कार्यपद्धती जाहीर केली, ती मिळवून वाचाच. त्यात आहे की आसपासच्या लोकांना २४ तास आधी कळवायचं, पाण्याच्या स्रोतापासून १०० मीटरच्या आत फवारायचं नाही, फवारणीच्या जागेत माणसं-जनावरं येऊ द्यायची नाहीत, आणि मान्यता असलेलंच कीटकनाशक वापरायचं. आपल्याकडं विहिरी, पाट, शेततळी किती आहेत बघा, रान घेताना आधी पायी फिरून यायला पाहिजे. फिरतानाच महावितरणच्या तारा, पोलचे ताण, झाडं, मधमाश्यांच्या पेट्या बघून घ्या. उभ्या उसात ताणाची तार अजिबात दिसत नाही. मधमाश्यांच्या पेट्यांच्या मालकाला आदल्या दिवशी फोन करा.

मशीन रोज उडायच्या लायकीचं ठेवणं

वर म्हणलं तसं मोठ्या विमानाला सही करणारा इंजिनिअर असतो, ड्रोनला नाही, म्हणून ते काम एका जाड वहीनं करायचं. तारीख, गाव, पायलट, किती उड्डाणं, कुठली बॅटरी, काय बिघडलं, काय बदललं, कुणी बदललं. बॅटऱ्यांवर मार्करनं नंबर घाला आणि प्रत्येकीचं चार्जिंग मोजा, फुगलेली बॅटरी त्याच दिवशी बाजूला काढा आणि घरात चार्ज करू नका. उडायच्या आधी पंख्यांना चीर आहे का बोटानं तपासा, आर्मचे लॉक, मोटर हातानं फिरवून आवाज, कंपास, आणि सिग्नल गेला तर परत यायची उंची शेजारच्या झाडापेक्षा वर सेट आहे का ते बघा. काम झालं की टाकी आणि नोझल स्वच्छ पाण्यानं तीनदा तरी धुवा, कीटकनाशकाचं मीठ मोटरवर बसलं की बेअरिंग खातं. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये किती तासांनी काय बदलायचं लिहिलेलं असतं, तेच तुमचं मेंटेनन्स शेड्यूल.

कॉलेजच्या पोरांसाठी दोन ओळी

वालचंद किंवा साखराळ्याच्या आरआयटीसारख्या कॉलेजात कुणी स्वतः ड्रोन बनवत असेल तर संशोधनासाठी शिक्षण संस्थांना टाईप सर्टिफिकेट, यूआयएन, आरपीसी या सगळ्यातून सूट आहे, फक्त हिरव्या झोनमध्ये, आपल्या आवारात किंवा आपल्या ताब्यातल्या मोकळ्या जागेत. तोच ड्रोन घेऊन शेतकऱ्याकडून एकरी पैसे घेतले की सूट संपली.

अपघात झाला तर, विकायचा झाला तर

ड्रोन पडून कुणाला लागलं किंवा नुकसान झालं तर पायलटनं ४८ तासांच्या आत पोर्टलवरून डीजीसीएला कळवायचं. आधी माणसाकडं बघा, मग फोटो काढा, बॅटरी काढून लांब ठेवा, रिमोटमधला लॉग पुसू नका. नियम मोडल्याचा दंड १ लाखांपर्यंत होऊ शकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये ड्रोनसाठी वेगळ्या कायद्याचा मसुदा पण आलाय, त्यामुळं दर हंगामाच्या आधी डीजीसीएच्या साईटवर एक नजर टाका.

जुना विकताना किंवा घेताना नुसत्या स्टॅम्प पेपरवर भागवू नका. फॉर्म डी-३ भरून यूआयएन नव्या मालकाच्या नावावर करायचा, फी १०० रुपये, कायमचा मोडला किंवा हरवला तर त्याच फॉर्मनं नोंदणी रद्द करायची. घेणाऱ्यानं कंट्रोलर आणि रिमोटचे नंबर पोर्टलवरच्या नोंदीशी स्वतः जुळवून बघायचे, मागच्या मालकाची मेंटेनन्सची वही मागायची, आणि वही नसेल तर मोटर, पंखे आणि सगळ्या बॅटऱ्या नव्यानं घालायच्यात असं धरूनच भाव करायचा.